गच्चीवरचे बोंबील आणि सोळा घरं

माणूस कुठला, हे ओळखायची आमच्या विचुंब्यात एक पद्धत होती. गाव नाही विचारायचं, जात तर नाहीच नाही. सरळ विचारायचं, "तुमच्यात सुक्या बोंबलात काय घालतात?" कोणी वांगं म्हणायचं, कोणी नुसता चिंचेचा कोळ, कोणी बटाटा. तेवढ्यावर आमच्या बायका त्याचं गाव, भावकी, मिठागरातला का होडीवरचा, सगळं सांगून मोकळ्या. आणि नाक मुरडून "आमी नाय खात" म्हणाला, तर तो घाटावरचा नाहीतर शेटजी. संपलं. दोनच प्रकारची माणसं जगात, असं मला पन्नास वर्षं वाटत होतं.

आता मी ज्या बिल्डिंगीत राहते ती आमच्याच शेतात उभी आहे. जिथे पार्किंगचे पट्टे मारलेत ना, तिथे मी वाकून वाकून भाताची आवण लावलेली आहे. सोळा घरं. त्यातलं एक आमचं. तरी नवीन वॉचमन आला की मलाच विचारतो, "आजी, कोणाकडे आलात?" आता काय सांगू त्याला!

तर गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दर वर्षीसारखी मी करंज्याच्या बंदरावर जाऊन आगोट घेऊन आले. आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. बोंबील, जवळा, थोडे सोडे. आणलं की गच्चीवर जुन्या लुगड्यावर पसरून दोन-चार उन्हं द्यायची, मग डब्यात. त्या वर्षी तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी दारात. हा साताऱ्याकडचा, माणूस बरा आहे, पण बोलताना चप्पल काढत-घालत राहतो.

"आजी, राग मानू नका. मासळीच्या वासाची तक्रार आलीय. लेखी."

"कोणाची?"

"ते नाही सांगता येत. रविवारी मीटिंगमध्ये हात वर करून ठरवू. तोवर खाली आणा."

मी बोंबील खाली आणले. जीव इतका कानकोंडा झाला म्हणून सांगू! माझ्याच शेताच्या डोक्यावर मला चार बोंबील वाळवता येणार नाहीत? ते नाही तर मग मी इथे राहते कशाला? नवरा गेल्यावर जुन्या घरातून मुलाच्या मागून इथे आले, ती हेच म्हणत की जागा तर आपलीच आहे.

मग मी काय केलं, कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि सोळा घरं मांडली. डावीकडे मासेवाले, उजवीकडे बिनमासेवाले. सून म्हणाली, "आई, शिरगणती करताय का?" ती संगमनेरकडची. मी म्हटलं, "तू गप. तुला अजून बोंबलाचं डोकं कुठलं नि शेपूट कुठलं ते कळत नाय."

माझ्या पानावर मासेवाले भरपूर झाले. खात्री करावी म्हणून एकेक दार वाजवत निघाले.

पहिली पहिल्या मजल्यावरची बंगालीण. बंगाली म्हणजे मासा, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तिनं सरबत दिलं आणि म्हणाली, "आँटी, मछली हम रोज खाते हैं. लेकिन सूखा? छी! वो तो उधर पूरब वाले लोग खाते हैं." मी म्हटलं, तुम्ही पण बंगालीच ना? तर म्हणे हो, पण बंगाल्यांत दोन. नदीच्या अलीकडचे नि पलीकडचे. एका माशाचे दोन बंगाली! मी डावीकडचं घर उजवीकडे नेलं.

तिच्या समोर मालवणकडचे काका, रिटायर झालेले. गळ्यात जानवं, देवघरात घंटा, मी त्यांना डोळे मिटून उजवीकडे टाकलं होतं. तर ते उठून उभेच राहिले. "जवळा आणलात? बारीक कोलीम आहे का त्यात? जरा पाठवा हो." वाटीभर दिला. डावीकडे नेलं. जाताना म्हणाले, "पण मीटिंगचं काही सांगत नाही. फ्लॅट विकायला काढलाय, बघायला लोक येतात." आता हे घर कुठे ठेवायचं? मधल्या रेघेवर ठेवलं.

तळमजल्यावर पनवेलच्या मोहल्ल्यातली मुसलमान बाई, माझ्याच वयाची. तिची बोली आमच्यापेक्षा आमची. आम्ही दोघी एकत्र बसलो की सून म्हणते, यातली माझी सासू कुठली तेच कळत नाही. ती म्हणाली, "अगे, सुकट वांग्यात पडल्याबिगर आमच्यात जेवण सरतंय का?" मी म्हटलं, चला, एक तरी हात पक्का. तर ती पदर सावरत बसली. "हात वर नाय करायची मी. बकरी ईद तोंडावर हाय. कोणाच्या डोळ्यात कशाला येऊ? तेव्हा मला गप बसणारे लागतील, म्हणून आता मी गप." मला वाईट वाटलं, आणि ती चुकते आहे असंही म्हणता येईना.

आमच्या शेजारी मारवाडी म्हातारी. तिच्याकडे जाणारच नव्हते. लिफ्टशी तीच भेटली. म्हणाली, "बेन, तुमचा फिश कुठे गेला? मी जागा केली होती." कसली जागा? तर दोन वर्षं ती माझे बोंबील वर आले की आपले पापड उचलून टाकीच्या पलीकडे नेत होती. वारा खाडीकडून येतो म्हणून. एका शब्दानं बोलली नाही. मला लाज वाटली आणि थोडा रागही आला. बोलायचं ना बाई! तिचं घर कुठल्या बाजूला लिहायचं ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

चौथ्या मजल्यावरचं घर मी शेवटी ठेवलं होतं, कारण ते विचारायचंच नव्हतं. उरणची कोळीण. तिचा बाप, आजा होडीवर गेलेले, नवरा बंदरात कामाला. मी तर हसतच आत गेले. "बघ गो, आता आपणच हाव दोघी."

तिनं दार लावून घेतलं. म्हणाली, "मावशी, तक्रार मीच दिली."

मला वाटलं चेष्टा करते. मग तिनं सांगितलं. मुलाचं जमतंय, मुलगी पुण्याची. यांनी त्या लोकांना आपण मूळ मुंबईचे म्हणून सांगितलेलं. एकदा मुलीची आत्या आली, जिन्यात नाकाला रुमाल लावून म्हणाली, कोळीवाड्यासारखा वास येतोय. "तो वास मी जन्मभर घेतलाय. तिच्या तोंडातून ऐकला आणि मना पहिल्यांदा आला."

"अगं, पण तू कोळी हायस."

"ते तुला सांगायला नको. तिला सांगायचं नाय."

भांडली असती तर बरं होतं, पण ती रडायलाच लागली. चहा न घेता खाली आले.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. सेक्रेटरी म्हणाला, "आजींच्या मासळीला ज्यांची हरकत नाही त्यांनी हात वर करा." पहिला हात मारवाडी म्हातारीचा. दुसरा उत्तर प्रदेशच्या मास्तरांचा, ते कांदासुद्धा खात नाहीत! मग बंगालिणीच्या नवऱ्याचा. ती त्याच्याकडे बघत राहिली. "क्या कर रहे हो?"

तो म्हणाला, "मेरी माँ सूखा खाती थी."

"आज तक नहीं बताया?"

"तुमने पूछा नहीं."

सगळे हसले. सेक्रेटरी म्हणाला, "एका घराचा एकच हात, आधी आपसात ठरवा." नवऱ्यानं हात काही खाली घेतला नाही. मालवणचे काका मोबाइल बघत होते, मोहल्ल्यातली बाई जमिनीकडे. कोळीण बांगड्या मागे-पुढे करत होती. तिनं हात वर केला नाही, आणि हरकत असणाऱ्यांचे मोजले तेव्हाही केला नाही. दोन हातांच्या फरकानं मी जिंकले.

जिंकले, पण आनंद कसला तो कळेना. माझ्या बाजूनं उभे राहिले ते सगळे उजवीकडचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोंबील घेऊन वर गेले. टाकीपलीकडे पापड, तिथे नको. चौथ्या मजल्याच्या जिन्याच्या तोंडाशी नको. मग उरली ती आमच्याच स्वयंपाकघरावरची कड. तिथे पसरले, तशी खालून सुनेनं खिडकी धाडकन लावली.

थोड्या वेळानं कोळीण कपड्यांची बादली घेऊन आली. माझ्याकडे न बघता चादर घातली, उशांचे अभ्रे घातले. जायला निघाली आणि थांबली.

"असे जवळजवळ कशाला टाकलेस? खालून ओले राहतील."

खाली बसली. एकेक बोंबील उचलून उलटा करून लांब लांब ठेवला. बोटं इतकी भरभर चालत होती, माझी तशी कधी चालली नाहीत. सगळे झाले. मग बोटं नाकाशी नेली, गच्चीच्या नळाखाली हात धुतले, पुन्हा धुतले.

"आमच्या घरी सांगू नको हां, मावशी."

"नाय सांगत. पाहुणे कधी येतात?"

"पुढच्या रविवारी."

मग त्या दिवशी मी बोंबील उचलून ठेवू का, हे मला विचारायचं होतं. पण ती रिकामी बादली घेऊन जिना उतरून गेली. आणि ती हो म्हणाली असती तर मी काय केलं असतं, ते मलाच ठाऊक नव्हतं.