वीसपैकी सहा पाऊस

या, अशा जवळ बसा. आणि आधी ते 'हवामानवाले थापा मारतात' म्हणणं बंद करा. वलवणच्या माझ्या वरच्या खोलीत त्यांच्यातलीच एक बाई तीन वर्षं भाड्याने राहून गेली.

पाऊस येईल का असं कुणी विचारलं, की ती चष्मा कपाळावर चढवायची. म्हणायची, "येईल का ते नको, किती वेळा येईल ते विचारा."

आता पाऊस म्हणजे काय पंगती आहेत, मोजायला? मी खोदून विचारलं, तेव्हा तिने ओसरीवर खडूने चौकोन काढला.

"मावशी, संगणकाला एवढंच कळतं. यात आपलं वलवणही आलं नि पलीकडचं कुरवंडेही. आत कुठला ढग फुटेल ते त्याला दिसत नाही."

"मग?"

"पूर्वी चौकोनातल्या सगळ्या ढगांचा मिळून एक सरासरीचा ढग धरायचे. आता आम्ही त्याला फासे टाकायला लावतो. दर वेळी ढग जरा वेगळे. तोच दिवस वीसदा चालवून बघायचा."

"म्हणजे पगारी जुगार."

ती अशी हसली, की चष्मा नाकावर आला. "जुगारी जिंकायला खेळतो, मावशी. मी आपल्याला किती कळत नाही ते मोजते."

मला पटलं. इथे ऊन नि कुरवंड्याला झोड, हे आमचं नेहमीचंच. सरासरीचा ढग कुणी पाहिलाय?

दिवाळीच्या तोंडावर कुरवंड्याचे माझे दीर आले. भात पिकून उभं होतं. कापून खाचरात वाळत पडलं आणि भिजलं, तर वर्षाचं खाणं गेलं.

"वीसपैकी सहा वेळा पाऊस आहे," ती म्हणाली.

"बाई, आमी काय ईस येळा कापनार हाय? एकदाच कापायचं."

तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला. मग हळूच म्हणाली, "सगळं एकाच दिवशी कापायला हवं का, भाऊ?"

दिरांनी खालचं खाचर कापलं, वरचं उभं ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी माझे पापड उन्हात कडक वाळले आणि कुरवंड्याला पाऊस कोसळला. बाई माझ्यासोबत तिकडे धावली, सलवार खोचून चिखलात उतरली, ओल्या पेंढ्या उचलून बांधावर ठेवू लागली.

"तुमच्या त्या सहात गावलो आमी," दीर म्हणाले. दोन पेंढ्या उचलल्या आणि विचारलं, "वरचं कवा कापू? किती येळा पडंल ते सांगा."

मागच्या वर्षी तिची बदली झाली. दिरांनी यंदाही तिच्या वाटणीचा इंद्रायणी तांदूळ माझ्याकडे आणून ठेवलाय. पोरी, हे कानावर आलं तर तांदळाचा वास उडायच्या आत ये बघू.