इंदूअक्कांची चूक

एका सकाळी इंदूअक्कांच्या भाचीचा फोन आला. "काका, अक्का गेल्या. कॉफी मागितली, आणि ती येईपर्यंत..." नव्वदी ओलांडलेल्या बाईच्या अशा सुटसुटीत जाण्यावर रडावं की त्याचं कौतुक करावं, मला कळेना. आता महिना होत आला, आणि आठवतंय ते सगळं हसूच आणणारं आहे.

साठच्या दशकात मी पुण्याहून बंगळूरला सैद्धांतिक भौतिकशास्त्रात संशोधन करायला आलो, तेव्हा आमच्या विभागाची सारी आकडेमोड इंदूअक्का करत. हातानं मूठ फिरवायचं गणनयंत्र आणि शेजारी आखलेल्या कागदांची चळत. त्या मल्लेश्वरमच्या, पिढ्यान्‌पिढ्या इथं रुजलेल्या मराठी घरातल्या. "स्वल्प थांब रे, दशांश हलतोय," असं त्यांनी आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हटलं की मोठमोठे प्राध्यापकही दारात थांबत.

मग शहरात खोलीभर पसरलेलं संगणकयंत्र आलं, आणि अशी यंत्रं वापरणाऱ्या देशभरच्या भौतिकीवाल्यांचा मेळावा आमच्याकडे भरला. पहिल्या दिवशी जो तो आपल्या यशाचीच टिमकी वाजवत होता. मीही अणुगर्भाच्या ऊर्जापातळ्यांचे आकडे फळ्यावर मांडले. माझा प्रबंध त्यांच्यावरच उभा होता. तेवढ्यात मागच्या रांगेतून अक्का उठल्या. त्यांच्याकडे फक्त नावनोंदणीचं काम होतं, बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. "चौथा आकडा चुकलाय. मी हातानं करून पाहिलाय." माझे मार्गदर्शक चष्मा काढून पुसत बसले. मला वाटलं, संपला प्रबंध.

दुपारी यंत्राला गणित सांगणाऱ्या, भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा पुन्हा आत घातला. आकडा तोच आला. पण तेवढ्यानं पटेल त्या अक्का कसल्या! "यंत्राला चुकीचं सांगितलंस, तर ते चुकीचंच दोनदा सांगेल," म्हणत त्या आपले कागद घेऊन बसल्या. मी खोलीवर निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या व्याख्यानाआधीच अक्का पदर खोचून फळ्यापाशी गेल्या. "यंत्र बरोबर आहे, आणि हा मुलगाही. तिसऱ्या ओळीत मी वजाचं चिन्ह अधिक वाचलं. काल सगळ्यांसमोर बोलले, म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते." आणि चूक नेमकी कुठं झाली ते त्यांनी खडूनं गोल करून दाखवलं, एखादी पाककृती शिकवावी तशा हौसेनं. हसावं की नाही, कुणालाच कळेना. मग कलकत्त्याचे एक वयस्क प्राध्यापक हळूच उठले. "गेल्या वर्षी माझी कार्डं उलट्या क्रमानं गेली होती... हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही."

असा हशा पिकला की बाहेरचा पहारेकरी आत डोकावला! जेवणापर्यंत व्याख्यानं झालीच नाहीत. नुसत्या चुका, आणि त्या कशा सापडल्या याच्या गोष्टी. त्या ऐकताना माझ्या दुसऱ्या प्रकरणातली एक खरीखुरी चूक माझ्या ध्यानात आली. पुढच्या मेळाव्यांची पहिली सकाळ चुकांसाठीच राखून ठेवू लागले, आणि सुरुवात करायला अक्कांना बोलावू लागले.

"लाज नाही वाटली?" मी नंतर त्यांना विचारलं.

"वाटली की! पण माझ्या चुकीपायी तू कुढत बसायचं, हे बरं का? सरी, झालं तर मग, आता प्रबंध लिही."

निवृत्तीनंतर त्या ओसरीवर गल्लीतल्या मुलींना गणित शिकवत. परवा भाचीला भेटायला गेलो, तर दोन मुली तिथंच वह्या उघडून बसलेल्या. "अक्का नाहीत, ठाऊक आहे," त्यांतली एक म्हणाली, "पण गणित इथंच येतं." दोघींची उत्तरं जुळत नव्हती. मी मदतीला वाकणार, तोच दुसरी म्हणाली, "थांब गं, माझंच चुकलं असेल..." आणि मोठ्या आनंदानं ती पहिल्या ओळीपासून चूक शोधू लागली.