नववी खुर्ची

उत्तर थायलंडातल्या बान हुआयसाकच्या शाळेत मुख्याध्यापक येत आणि जात, पण जेवणाच्या घंटेनंतरचा पहिला आवाज बत्तीस वर्षं एकाच बाईचा असे.

‘हात धुतलेस का रे? दाखव! हे हात आहेत की कुदळी? जा परत!’

हा आवाज खामपानमावशीचा. शाळेची स्वयंपाकीण. अंगाने ठेंगणी, पण आवाज असा पल्लेदार की स्वयंपाकघरात बोलली तर नदीपलीकडच्या मक्याच्या शेतात कुणीतरी चटकन हात धुवावेत. मावशी स्वतः चौथीपर्यंत शिकली. पुढे बापाने शेतात नेलं आणि पाटी तिथेच सुटली. त्याचं रडगाणं तिने कधी गायलं नाही. मात्र दर वर्षी जूनमध्ये, गुरुवंदनेच्या गुरुवारी, स्वयंपाकघराच्या जाळीच्या खिडकीत ती उभी राहायची आणि समोरच्या मांडवातला सोहळा शेवटच्या मुलापर्यंत बघायची. मुलांच्या ताटात लागणारी वांग्याची फुलं तिच्याच वाफ्यातली असत. फुलं मांडवात जायची, ती खिडकीत राहायची.

यंदाच्या जूनमध्ये नोरीनबाईंनी हा क्रम मोडायचा ठरवला.

नोरीनबाई आणि ऑर्विल मास्तर हे अमेरिकेतल्या नेब्रास्काचं जोडपं. एकवीस वर्षांपूर्वी दोन वर्षांसाठी म्हणून शिकवायला आलं आणि राहूनच गेलं. आता मास्तरांचं वय एकाहत्तर. उजवा गुडघा कुरकुरायला लागलेला, आणि तिकडून मुलीचे फोन की, आता पुरे, घरी या. पावसाळा संपला की जायचं ठरलं होतं. म्हणजे ही त्यांची शेवटची गुरुवंदना. तयारीच्या बैठकीत नोरीनबाई म्हणाल्या, ‘खुर्च्या आठ नकोत, नऊ मांडा. नववी खामपानमावशींची.’

मुख्याध्यापक प्रासोंग गुरुजी वयाने लहान, मनाने चांगले, पण वरच्या कार्यालयाला भिऊन असणारे. ते म्हणाले, ‘बाई, वर यादी जाते. त्यात शिक्षकांचीच नावं असतात.’

‘मग माझं नाव काढा आणि तिचं घाला.’

‘असं कसं करता येईल?’

‘नाही येत? बरं. मी आपली खाली जमिनीवर बसते. आमच्यापैकी एक जण जमिनीवर बसला की काय होतं, ते तुमच्या कानावर आलंच असेल.’

प्रासोंग गुरुजींच्या कानावर आलं होतं. सगळ्या खोऱ्याच्या कानावर होतं. त्यांनी मुकाट्याने कागदावर नऊचा आकडा घातला.

झालं होतं ते असं. जोडपं नवीन आलं त्या वर्षीची गुरुवंदना. आठ शिक्षक मांडवात खुर्च्यांवर बसलेले, मुलं दुर्वा, लाह्या, इक्झोराचे लाल झुबके आणि वांग्याची फुलं रचलेली ताटं घेऊन गुडघ्यांवर सरकत पुढे येतायत. पहिली मुलगी ऑर्विल मास्तरांपुढे वाकली मात्र, सहा फूट तीन इंचांचा तो माणूस लाजेने लालबुंद झाला. आपल्या पायाशी लेकरू? छे! ते उठले आणि सरळ जमिनीवर मुलीसमोर मांडी घालून बसले. शेजारी नोरीनबाईही उतरल्या.

आता शिक्षकापेक्षा मुलाचं डोकं खाली हवं. मुलगी आणखी वाकली. मास्तर आणखी वाकले. मुलगी पालथी पडली, ताट कलंडलं, लाह्या उडाल्या. मागची रांग पुढचीचं बघून पालथी पडली. तिकडे बाकीच्या शिक्षकांची पंचाईत. वयाने मोठा सहकारी खाली बसलेला असताना आपण वर कसं बसायचं? एकेक जण उतरला. उरले त्या वेळचे म्हातारे मुख्याध्यापक. आठ खुर्च्यांत एकटं बसायला त्यांनाही अवघड झालं, तेही उतरले. मांडवात आठ खुर्च्या रिकाम्या, अख्खी शाळा जमिनीवर, आणि कुणी कुणाला नमस्कार करायचा ते कुणालाच कळेना.

तेवढ्यात खामपानमावशीने प्रवेश केला. हातात डाव, डावातून रस्सा ठिबकतोय.

‘मास्तर, वर बसा! बाई, तुम्हीपण! बसा म्हणते ना!’

भाषा कळत नव्हती, पण डाव कळला. दोघं बसले.

संध्याकाळी मावशीने त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं आणि थोडंफार इंग्रजी जाणणाऱ्या सोमसरी बाईंना मध्ये बसवून ऐकवलं, ‘पोरं तुमच्या पाया पडतायत असं वाटलं तुम्हाला? तुम्हाला ओळखतं कोण? काल तर आलात! ती खुर्ची तुमची नाही, शिकवणाऱ्याची आहे. तिच्यात जो बसेल त्याने मान ताठ ठेवायची आणि ताट घ्यायचं. पोराने आणलेलं घ्यायचं नाही, हा कुठला मोठेपणा?’

मास्तरांनी पाट तिच्या आणखी जवळ ओढला. मग म्हणाले, ‘या बाईंना विचारा, उद्यापण शिकवतील का?’

तिथून सुरुवात झाली. रोज शाळा सुटल्यावर दोघं स्वयंपाकघरात. मावशी खलबत्ता चालवी, आणि हे समोर पाटावर. हे मीठ, हा चुलीचा धूर, ही सासू, हा जावई, हे रागावणं, हे खोटंखोटं रागावणं. चिकट भाताचा गोळा चार बोटांत कसा वळायचा, मोठ्यांच्या समोरून जाताना किती वाकायचं, बाजारात खरं बोलायचं कधी आणि पडेल चेहऱ्याने निघून जायचं कधी. भाजल्या मिरचीच्या ठेच्याने पहिल्या दिवशी नोरीनबाईंच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. ‘रडा,’ मावशी म्हणाली, ‘मीपण लहानपणी रडायचे.’ तीन वर्षांनी तपासणीला राजधानीतून आलेल्या साहेबांनी स्वयंपाकघराच्या पडद्याआडून आवाज ऐकला आणि विचारलं, ‘ही कोण गावातली म्हातारी भाजीवालीशी भांडतेय?’ पडदा सरला तर निळ्या डोळ्यांच्या नोरीनबाई! मावशीने ही गोष्ट अख्ख्या बाजाराला दोनदा सांगितली. तिसऱ्यांदा बाजारानेच तिला सांगितली.

कुणी म्हणालं, ‘मावशी, तुमचे ते गोरे...’ की ती उसळायची. ‘गोरे कसले? आपलेच आहेत. धुण्यात रंग तेवढा गेलाय.’

सुट्टी लागली की दोघं पाठीवर पिशव्या टाकून निघत. कधी मेकाँगमधून होडीने वर लाओसमध्ये, कधी व्हिएतनामच्या किनाऱ्याला, एकदा तर मंगोलियात. परत आले की आधी स्वयंपाकघरात हजेरी. मावशीचा प्रश्न ठरलेला, ‘तिथे मीठ कसलं खातात?’ म्हणून जिथे जातील तिथून ते बाटलीभर मीठ आणत. करडं, गुलाबी, खड्यांचं, पिठासारखं. फळीवर बाटल्यांची रांग वाढत गेली. मावशी प्रत्येकातलं चिमूटभर जिभेवर ठेवी, डोळे मिटी, आणि निकाल देई, ‘वाईट नाही. पण आपल्या डोंगरातल्या खाऱ्या विहिरींच्या मिठाची सर नाही.’ एकवीस वर्षांत निकाल बदलला नाही. एका एप्रिलमध्ये त्यांनी तिलाच दक्षिणेला नेलं, आगगाडीच्या लाकडी बाकांवरून, मांडीवर भाताची टोपली घेऊन. वयाच्या पन्नाशीत मावशीने पहिल्यांदा समुद्र पाहिला. ओंजळ भरली, चाखली आणि थुंकली. ‘कुणी केलंय हे? मीठ फार झालंय.’ मास्तर वाळूत बसून हसत सुटले. रात्री मात्र ती नोरीनबाईंना हळूच म्हणाली, ‘चौथीच्या पुस्तकात समुद्राचं चित्र होतं. अगदी तसाच निघाला.’

तर अशी ही मावशी. तिला खुर्चीची बातमी कळली तेव्हा तिला आनंद होईल अशी नोरीनबाईंची खात्री होती. मावशी भडकली.

‘मला विचारलंत? गावभर माझं हसं करायचंय? डाव धरणारी बाई शिक्षकांच्या रांगेत चढून बसली म्हणतील. बत्तीस वर्षांत कुणी माझ्याकडे बोट दाखवलं नाही.’

‘कोण हसेल? अर्ध्या गावाला तुम्हीच जेवू घातलंय.’

‘म्हणूनच! जेवू घालणारीने आपली पायरी ओळखून राहावं. मी येणार नाही. खुर्ची रिकामी दिसेल आणि तुमचंही हसं होईल. तेव्हा ती आताच काढून ठेवा.’

‘नाही काढणार,’ नोरीनबाई म्हणाल्या. त्यांनाही हट्ट याच स्वयंपाकघराने शिकवला होता.

त्या दिवसापासून मावशीने बोलणं टाकलं. दुपारी मास्तरांच्या आणि बाईंच्या ताटात आला पांढरा भात आणि एक उकडलेलं अंडं. ठेचा नाही, मिरची नाही. गावात नवीन आले तेव्हा पहिल्या आठवड्यात, पोट सांभाळायला, त्यांना जे जेवण मिळायचं तेच.

ऑर्विल मास्तरांनी अंड्याकडे पाहिलं. ‘आपण पुन्हा पाहुणे झालो,’ ते म्हणाले.

नोरीनबाईंनी ताट बाजूला सारलं. अंडं तसंच राहिलं. मिरचीने रडवलं नव्हतं इतकं त्या अंड्याने रडवलं.

गुरुवार उजाडला. मावशीने पहाटेच वाफ्यातली फुलं खुडून मुलांना वाटली. एकेकाचं ताट सारखं केलं, एकीच्या केसांची रिबीन घट्ट केली. मग स्वयंपाकघरात शिरून दाराला आतून कडी घातली, चुलीवर फणसाच्या रश्शाचं मोठं पातेलं चढवलं आणि नेहमीप्रमाणे जाळीपाशी उभी राहिली.

मांडवात नऊ खुर्च्या होत्या. कडेची रिकामी. तिने बसणार नाही असं बजावलं होतं तरी त्या खुर्चीवर कुणीतरी धुतलेलं पांढरं कापड अंथरलं होतं. मावशी त्या कापडाकडे बघत राहिली. हात आपोआप अंगावरच्या मळक्या एप्रनला पुसले गेले.

मुलांनी एका सुरात वंदना म्हटली. रांग गुडघ्यांवर पुढे सरकली. ताटं दिली, घेतली, आशीर्वाद झाले. शेवटचं मूल परतलं. आता प्रासोंग गुरुजी बोलायला उठणार, तोच ऑर्विल मास्तर खुर्चीतून उठले. नोरीनबाईही उठल्या. दोघं मांडवाच्या पार मागे गेले, जिथून मुलांची रांग सुरू होते तिथे, आणि गुडघ्यांवर बसले.

मास्तरांच्या हातात ताट होतं. वेडंवाकडं रचलेलं, दुर्वा एका बाजूला झुकलेल्या. सत्तरीतलं ते जोडपं मुलांसारखं गुडघ्यांवर सरकत रिकाम्या खुर्चीकडे निघालं. मास्तरांचा उजवा गुडघा टेकला की त्यांचा चेहरा पिळवटून निघे. थांबत, श्वास घेत, पुन्हा सरकत. 

आणि मग तेच सुरू झालं. दोन वडीलधारे जमिनीवर, म्हणून सोमसरी बाई खुर्चीच्या कडेला आल्या. त्यांच्या शेजारचे गुरुजी अर्धवट उठले. मुलांनी डोकी आणखी खाली घातली. पुढच्या ओळीतलं एक पोर पालथं पडलं. प्रासोंग गुरुजींनी घाबरून खुर्चीचे हात धरले.

धाडकन कडी निघाली.

‘मास्तर! अहो मास्तर, तो गुडघा! डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? आणि तुम्ही सगळे वर बसा! कुणी उतरायचं नाही! एकवीस वर्षं झाली, अजून अक्कल नाही!’

हातात डाव तोच, आवाज तोच. मावशी मांडवाच्या मधोमध येऊन उभी राहिली, त्या दोघांच्या आणि रिकाम्या खुर्चीच्या बरोबर मध्ये.

‘उठा,’ ती म्हणाली. आवाज एकदम उतरला होता. ‘उठा ना हो. लोक बघतायत. मी कोण? चौथी शिकलेली बाई.’

नोरीनबाईंनी मान वर केली आणि बाजारात भाजीवालीशी बोलावं अशा ठसक्यात म्हणाल्या, ‘तुमच्या पाया कोण पडतंय, मावशी? ती खुर्ची तुमची नाही. शिकवणाऱ्याची आहे. बसा. मान ताठ ठेवा. आणि ताट घ्या.’

‘आणि लवकर,’ मास्तर दात आवळून म्हणाले, ‘गुडघा माझा आहे.’

मागे गावकऱ्यांत कुणीतरी हसलं. मावशीने गर्रकन वळून बघितलं. हसणारी भाजीवाली होती, आणि हसता हसता डोळे पुसत होती. ‘बस गं बाई,’ ती ओरडली, ‘रस्सा करपेल तोवर!’

खामपानमावशी बसली. पांढऱ्या कापडावर, मळक्या एप्रनसकट, मांडीवर डाव आडवा ठेवून. पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते. मान मात्र अशी ताठ, की त्या रांगेत तशी दुसऱ्या कुणाचीच नव्हती. तिने दोन्ही हातांनी ताट घेतलं. आपले तिघे जण, एक म्हातारी आणि दोन म्हातारी मुलं, क्षणभर एकमेकांकडे बघत राहिले.

‘ही फुलं माझ्याच वाफ्यातून चोरलीत ना?’ मावशी पुटपुटली.

‘काल रात्री,’ मास्तरांनी कबूल केलं.

‘देठ चुकीचा तोडलाय. इतकं शिकवून...’ तिने एक फूल उचललं आणि त्याचा देठ नखाने नीट खुडला.

मास्तरांना दोघांनी धरून उठवलं. आणि प्रासोंग गुरुजींचं भाषण सुरू व्हायच्या आत, कुणी सांगितलं नव्हतं तरी, मुलांची रांग पुन्हा लागली. ताटं रिकामी झाली होती. म्हणून मुलांनी मांडवाबाहेरच्या गवतातली एकेक दुर्वा खुडली आणि गुडघ्यांवर सरकत नवव्या खुर्चीपुढे आली. त्रेसष्टच्या त्रेसष्ट. मावशीने प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि सवयीने प्रत्येकाचे हात उलटसुलट करून बघितले. धुतलेले होते.

त्या दुपारी, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा, शाळेचा रस्सा लागला. करपल्याचा वास नदीपर्यंत गेला. प्रासोंग गुरुजींनी घास तोंडात घालून नुसतं मान डोलावणं पसंत केलं.

‘तोंडं वाकडी करू नका,’ मावशीने पंक्तीला बजावलं. ‘आज स्वयंपाकीण रजेवर होती.’

मग ती दोन ताटं घेऊन स्वतः ऑर्विल मास्तर आणि नोरीनबाईंपाशी आली. करपलेला रस्सा, चिकट भाताचा गोळा, आणि शेजारी भाजल्या मिरचीचा ठेचा. नेहमीपेक्षा दुप्पट.