परत आलेल्या सहासष्ट गोळ्या

दुबईतल्या एका हॉस्पिटलच्या फार्मसीत मी दहा वर्षं काउंटरवर आहे आणि लोकांना दरडावायची मला सवय लागली आहे. मॉर्फिन देताना तर जास्तच. इथे असल्या औषधाचा हिशेब चुकला तर थेट जेलची भाषा होते. म्हणून सही घेण्याआधी मी आवाज चढवते, "रोज मोजा, कुलपात ठेवा, उरलेल्या परत आणा. कमी भरल्या तर पोलीस तुम्हाला विचारतील, मला नाही."

त्या दिवशी समोर रत्नागिरीकडचा एक ड्रायव्हर उभा होता. त्याचा धाकटा भाऊ, साइटवरचा सुतार, हाडांत पसरलेल्या कॅन्सरने आमच्या वॉर्डात पडून होता. त्याला विमानात बसवण्याची स्थिती राहिली नव्हती, म्हणून थोरला त्याला इंटरनॅशनल सिटीतल्या आपल्या खोलीवर नेत होता. शिरेतून चाललेलं मॉर्फिन बंद करून डॉक्टरांनी त्याच्याच गोळ्या लिहिल्या होत्या.

त्याने डिस्चार्जचा कागद पुढे सरकवला. "मॅडम, इंजेक्शन दिवसाला वीस मिलिग्रॅम होतं, आणि गोळ्या साठ लिहिल्यात. डॉक्टरसाबची मिस्टेक तर नाही ना?"

मिस्टेक नव्हती. पोटात गेलेल्या मॉर्फिनचा बराचसा भाग यकृतातच खर्ची पडतो, म्हणून शिरेतल्या विसाची जागा घ्यायला गोळ्यांचे साठ लागतात. एवढं सांगायला एक मिनिट पुरलं असतं. पण मागे रांग होती आणि माझा चहा गार होत होता.

"लिहिलंय तेवढं द्या. दहाच्या गोळ्या आहेत, सकाळी तीन, रात्री तीन. यल्ला, चला लवकर, सही करा."

चौदा दिवसांच्या चौऱ्याऐंशी गोळ्या मी त्याच्यासमोर दोनदा मोजल्या. त्याला मात्र मिनिट दिलं नाही.

दहाव्या दिवशी तो परत आला. दाढी वाढलेली, शर्ट इस्त्रीचा. भाऊ आदल्या रात्री गेला होता. त्याने गोळ्यांची पिशवी काउंटरवर ठेवली.

"मोजून घ्या, ताई. सहासष्ट आहेत. एक पण कमी नाही."

नऊ दिवसांत चोपन्न जायला हव्या होत्या. गेल्या होत्या अठरा. मी विचारलं, "रोज किती दिल्यात?"

"सकाळी एक, रात्री एक. इंजेक्शनचे वीस, गोळीचे पण वीस. तुम्ही पोलिसांचं बोललात, तेव्हाच समजलो, हे काम डेंजर आहे. साठ कुठून द्यायचे?" मग थोडं पुढे वाकून म्हणाला, "तो मागायचा हो. खूप ओरडायचा. रूममधल्या पोरांना पहाटे ड्यूटी, म्हणून तोंडात टॉवेल द्यायचो. पण मी कडक राहिलो. लहानपणापासून नाटकी होता तो. शेवटी सांगितलंच त्याला, नाटकं खलास कर."

हे सांगताना त्याचा चेहरा शाबासकीची वाट बघत होता. घाबरलेल्या माणसाने आपलं काम चोख केलं होतं.

मला गप्प बसता आलं असतं. मेलेल्याला त्याने काहीच फरक पडणार नव्हता. पण माझं डोकं फिरलं. खरं सांगायचं तर त्यात त्याच्यावरचा राग थोडा, आणि स्वतःची मान सोडवून घ्यायची घाई जास्त होती. मी म्हणाले, "साठच द्यायचे होते. गोळीचे साठ म्हणजे इंजेक्शनचे वीस. तुम्ही त्याला तिसरा हिस्सा दिलात."

त्याने पिशवीकडे पाहिलं. ओठ हलले, तो मनात मोजत होता. मग त्याने विचारलं, "म्हणजे तो नाटक करत नव्हता?"

"नाही," मी म्हणाले.

मागे रांग वाढत होती. मी रजिस्टर फिरवून त्याच्यापुढे धरलं आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. 'शिल्लक सहासष्ट, बरोबर,' असं मीच लिहिलं होतं. त्याने सही केली.