दंड घातलेलं लुगडं

अकोल्याचे लोक ताईला बघायला येणार हे कळलं तेव्हाच माझं तोंड वाकडं झालं होतं. निरोपाचा दुसरा भाग ऐकला आणि किळसच आली. मुलगी जुन्या वळणानं नटलेली हवी होती. नऊवारी, नथ, खोपा, कपाळावर चंद्रकोर. "आमच्या सासूबाईंच्या काळात बायका दिसत तशी," असं मुलाच्या आईनं मुद्दाम सांगून पाठवलं होतं. निरोप आला शनिवारी तिन्हीसांजेला आणि पाहुणे येणार होते रविवारी दुपारच्या गाडीनं.

ताई अमरावतीतच मुलींच्या शाळेत शिकवायची आणि गोल पाचवारी नेसायची. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर सांभाळायच्या त्या विधवा आत्याबाई, आणि त्यांच्या लाल आलवणाखेरीज आमच्याकडे नऊवार असं काही उरलं नव्हतं. विकत आणावं तर लढाईचे दिवस, कापड कंट्रोलवर. अकोट-अकोल्याकडे कापसाच्या गाड्यांनी रस्ते अडायचे, सरकी काढायच्या जिनात डोंगराएवढ्या गंज्या लागायच्या आणि आम्हाला धड लुगडं मिळायची मारामार! शेजारणीकडं मागायचीही सोय नव्हती. आमच्या गल्लीतल्या बायका काठावरून लुगडं कुणाचं ते सांगायच्या.

म्हणून आईची ट्रंक उघडली. लुगड्यांची कसरीनं चाळण केली होती, तळाशी उंदरांच्या लेंड्या होत्या आणि सगळ्याला एक कुबट, आंबूस वास येत होता. एक चोळी तेवढी शाबूत होती, तीही काखेत पिवळी पडलेली. आईच्या आठवणीनं माझे डोळे भरून यायला हवे होते. मला ओकारी आली.

"हिच्याच दोन साड्या घेऊ अन् दंड घालू," आत्याबाई ताईकडं बघत म्हणाल्या.

लुगडं मधोमध विरलं की तेवढा भाग कापून टाकायचा आणि दोन्ही धड टोकं जोडून शिवायची, त्या जोडाला आमच्याकडे दंड म्हणत. घरात वावरायला असलं लुगडं चालायचं, मंगलकार्यात कुणी नेसायचं नाही. पण जोड काष्ट्यात दडवला की कुणाला दिसतो, असं आत्याबाईंचं म्हणणं. ताईच्या शाळेच्या दोन हिरव्या साड्या एकाच ठाणातल्या असाव्यात इतक्या सारख्या होत्या. फक्त एकीचा पदर जोडाच्या मध्ये येत होता, तो कापावा लागणार होता.

"बाबा, त्या माह्या शाळेच्या साड्या हायेत," ताई एवढंच म्हणाली.

बाबा वकील. कागदपत्रांच्या फिती कापायची कात्री त्यांनी स्वतः आणून आत्याबाईंच्या हातात दिली. "एकदा जमू दे तं खरं. मग तुले साड्यांचा काय तोटा?" आत्याबाईंनी पदर कापला. ताई भिंतीकडं बघत बसली.

रविवारी तिला नटवलं. केसांना एरंडेल चोपडून खोपा घातला, ते तेल मानेवर ओघळत होतं. आईची चोळी इतकी घट्ट होती की तिला श्वास पुरेना. घामानं कसरीचा वास पुन्हा जागा झाला आणि त्यावर आत्याबाईंनी मोगऱ्याचं अत्तर फासलं. दोन्ही वास मिळून जे काही झालं ते आजही माझ्या नाकात आहे.

पाहुणे आले. मुलाच्या वडिलांचा जिन होता. ते तपकीर ओढत आणि बोटं आमच्या बैठकीच्या गादीला पुसत. मुलगा बशीतल्या शिऱ्यातून डोकं वर काढीना. त्याच्या आईचे डोळे मात्र ताईवर होते. तिनं तिला चालवलं, पाऊल पुढं करायला लावलं, खोपा हातानं दाबून केस खरे की गंगावन ते पाहिलं. बाबा प्रत्येकाला आणखी थोडा शिरा घ्या म्हणत फिरत होते. कोर्टात गरजणारा माणूस! अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात ते त्या दिवशी मी घरात पाहिलं.

ताई नमस्काराला वाकली आणि काष्टा ताणला गेला. बाईंनी तिथंच चिमटीत कापड धरलं.

"अवो, हा तं दंड हाय!"

आत्याबाई दारामागं होत्या, त्यांनी दार ओढून घेतलं. बाबा अर्धवट उठले. मला वाटलं, सुटलो. पण बाईंचा चेहरा उजळला.

"मले वाटलं, शाळेतली पोरगी म्हणजे नखरेल असन. हे तं आमच्याच वळणाची निघाली! आमी दोघी सुनायले असंच नेसवतो. फाटलं का दंड घालाचा, पुन्हा फाटलं का पुन्हा घालाचा. जिन हाय म्हणून कपडा का फुकट येते?" आणि बाबांकडं वळून म्हणाल्या, "आमाले पोरगी पसंत हाय. शाळा तेवढी सोडा लागन."

बाबांनी हात जोडले. पुरते, कपाळापर्यंत. सोन्याच्या पाटल्या घातलेली ती बाई आपल्या सुनांना ठिगळं नेसवते हे अभिमानानं सांगत होती आणि आमच्या घरातलं माणूसन् माणूस हरखून गेलं होतं. मी मोरीत जाऊन थुंकले.

पाहुणे स्टेशनवर गेले. ताईनं आंघोळ केली, साधी घरची साडी नेसली आणि अंगणात बसून उजेड होता तोवर दंडाची शिवण उसवत राहिली. आत्याबाईंनी विचारलं, "काय करून राहिली वं?" ताईनं पुढचा टाका उसवला. मीही सुई घेऊन दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. एका साडीवर शिरा सांडला होता, ती तिनं धुऊन दोरीवर टाकली.

सकाळी ती वाळलेली होती, पदरही तिलाच होता. ताईनं ती घडी करून ठेवली आणि दुसरी नेसली. खांद्यावरून मागं सोडलेलं टोक कात्रीनं सोडलं होतं तसंच, दशा निघालेलं.

बाबा ओसरीवर अकोल्याला होकाराचं पत्र लिहीत होते. ती वह्या घेऊन बाहेर पडताना त्यांनी मान वर केली.

"हे काय? साडीले पदर नाही! अशी रस्त्यानं जाशीन? लोकं काय म्हनतीन?"

"पदर तुमी कापला, बाबा," ताई चपला घालत म्हणाली. "मी काहून लाजू? अन् ते पत्र टाकू नका. मले उद्या बी शाळा हाय."