कानशील म्हणजे कान नव्हे

“कानशिलात? कोणी लगावली, मावशी?”

डॉक्टर हसले. शेजारी उभ्या असलेल्या नर्सला मराठी येत नव्हते, म्हणून त्यांनी तो विनोद तिला हिंदीत पुन्हा सांगितला. “पूछ रहा हूँ, थप्पड़ किसने मारा.” मग तीही हसली. आई हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिले. आणि मी, वीस वर्षे विज्ञान शिकवणारी शिक्षिका, हसले.

हे आधी लिहिते आहे, कारण पुढे जे झाले त्यातला माझा वाटा इथून सुरू होतो.

केंद्र सरकारच्या शाळेतली माझी नोकरी. जयपूरला बदली होऊन दोन वर्षे झाली होती. वडील गेल्यावर आई परभणीहून माझ्याकडे आली. तिला हिंदी समजे, बोलता येत नसे. म्हणून विद्याधर नगरात कान-नाक-घशाचे एक मराठी डॉक्टर आहेत असे कळले, तेव्हा मला हायसे वाटले. आपला माणूस. आईला तिच्या शब्दांत सांगता येईल.

तिने सांगितलेही. “कानशिलात ठणकायलंय, डॉक्टरसाहेब. चावायला लागलं की जबडा दमतोय. सकाळी हात वर जाईना.”

कानशील म्हणजे कान नव्हे. कान आणि डोळा यांच्यामधला तो भाग, जिथे हलके बोट ठेवले तर नाडी लागते. मराठीत हा शब्द बहुतेक वेळा थपडेच्याच सोबतीने येतो, म्हणून तो ऐकला की हसू येते. पण शरीरावरच्या एका नेमक्या जागेचे ते नाव आहे. आईने दुखण्याची जागा अचूक सांगितली होती.

मी मात्र घाईघाईने म्हणाले, “आई, कान म्हण.”

डॉक्टरांनी विचारले, “गाव कुठलं?” मी सांगितले. “आडनाव?” तेही सांगितले.

“अच्छा.”

त्या ‘अच्छा’नंतर सर्वनाम बदलले. आत येताना आई ‘मावशी, तुम्ही’ होती. आता विचारले गेले, “हिला कधीपासून आहे?” मग माझ्याकडे वळून, “तुम्ही सरकारी शाळेत. म्हणजे राखीव जागेवर?” मी होकारार्थी मान हलवली. या प्रश्नाचा आईच्या दुखण्याशी संबंध काय, हे मी विचारले नाही.

मी एक कागद लिहून नेला होता. आधी निरीक्षण, मग अनुमान, असे मी मुलांना शिकवते. म्हणून अनुमान एकही लिहिले नव्हते. चौथ्या-पाचव्या घासाला जबडा दुखू लागतो, चावणे थांबवले की थोड्या वेळाने बरा होतो. उजव्या बाजूला कंगवा लावू देत नाही. सकाळी दोन्ही खांदे आखडतात, दुपारपर्यंत सैल होतात. भूक कमी झाली आहे.

कागद पुढे केला. डॉक्टर म्हणाले, “बाई, वह्या शाळेत तपासायच्या. इथे मी तपासतो.” आणि कान पाहण्याचा दिवा त्यांनी त्या कागदावरच ठेवला.

कान पाहिला. स्वच्छ होता. नाकाशेजारी, भुवईवर दाबून पाहिले. सायनस, म्हणाले. जबड्याचा सांधा झिजलाय, मऊ खायला द्या. खांदे? “वय झालं. आयुष्यभर कष्ट केलेत ना हिने, आता सांधे बोलणारच.” कानशिलाला बोट लावले नाही. केसपेपरवर लिहिले: कानदुखी.

आम्ही वाफारे घेतले. नाकात थेंब घातले. नवव्या दिवशी परत गेलो, कारण त्या सकाळी आईच्या उजव्या डोळ्यापुढे पडदा आला होता. काही मिनिटेच. मग गेला.

डॉक्टर म्हणाले, “हिचं दर खेपेला नवीन अवयवाचं गाऱ्हाणं. मोतीबिंदू असेल, सवडीने दाखवा.” मी “बरं” म्हणाले. ‘थँक यू’ही म्हणाले.

जिना उतरताना आई म्हणाली, “त्यानं हात लावून बघितलंच नाही गं.” मी रिक्षाला हात केला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी ती उठली आणि उजव्या डोळ्याने काहीच दिसेना. पडदा नाही. काळोख.

सरकारी रुग्णालयात एक तरुण डॉक्टर होती, जयपूरजवळच्या चौमूं गावची. तिला मराठीचा गंध नव्हता. ती स्टूल ओढून आईसमोर बसली. “अम्माजी, दर्द कहाँ है? हाथ रखकर बताओ सा.” आईने कानशिलावर बोट ठेवले. डॉक्टरने तिथेच आपले बोट ठेवले आणि तिचा चेहरा बदलला. “कनपटी. कंघी करने में दुखता है? चबाने में?” मी तोच कागद दिला. तिने तो दोनदा वाचला. मग विचारले, “मैडम, यह सब इतने दिन से था? पहले किसी ने देखा नहीं?”



नंतर तिने मला समजावले, मी वर्गात समजावते तसेच. कानशिलातून जाणाऱ्या रक्तवाहिनीला सूज येते. जबड्याच्या स्नायूंना रक्त पुरत नाही, म्हणून चावताना जबडा दमतो. खांदे आखडणे बऱ्याचदा याच्याच जोडीने येते. तीच सूज डोळ्याच्या रक्तवाहिन्यांत गेली, तर डोळा जातो. अशी शंका आली की तपासणीच्या निकालासाठी थांबायचे नसते. औषध त्याच दिवशी सुरू करायचे. उजवा डोळा गेला. आता डावा वाचवायचा आहे.

तीन वाक्ये. त्या तीन वाक्यांत आईने सगळा आजार सांगितला होता. तिची भाषा येणाऱ्याने त्यावर विनोद केला. तिच्या मुलीने त्यात दुरुस्ती केली.

केसपेपरची प्रत मागायला मी त्या दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, “कानदुखीच सांगितली होती ना तुम्ही. तिला नीट सांगता आलं नाही, त्याला मी काय करणार?”

“तिने नीट सांगितलं होतं,” मी म्हणाले. “तुम्ही हसलात. मीही हसले. मी माझं लिहून देते. तुम्ही तुमचं द्या.”

त्यांनी दिले नाही. मी वैद्यकीय परिषदेकडे तक्रार पाठवली. चार पाने. आईची वाक्ये तिने उच्चारली तशीच लिहिली, आणि माझे हसणेही लिहिले.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. “मॅडम, परक्या गावात आपण सगळे आपलेच. तक्रार कशाला? मी घरी येऊन आईंना भेटतो.”

“आडनाव विसरलात वाटतं आमचं,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

परिषदेचे उत्तर अजून आलेले नाही. कदाचित ते लिहितील की हा आजार सहसा आढळत नाही, ओळखायला अवघड आहे. ते खरेही असेल. डावा डोळा टिकेल, अशी खात्री कोणी देत नाही. आई रोज सकाळी डाव्या डोळ्याने समोरची भिंत दिसते का ते पाहते आणि मी शेजारी उभी असते. माझ्या हातात दुसरे काही नाही.

पण ज्या दिवशी बोलावतील, त्या दिवशी मी तिला घेऊन जाणार आहे. ती तिच्या बोलीत बोलेल. तिथे कोणी हसले, तर मी उभी राहून विचारीन, “का हसलात?” उत्तर मिळेपर्यंत खाली बसणार नाही.