आहेस का?

ऑफिसात त्याला आम्ही थंडोबा म्हणायचो. सर्व्हर कितीही तापला तरी हा तापायचा नाही. प्रोसेसरवर ताण आला की जो प्रोग्रॅम जास्त खातोय तो आधी बंद करायचा आणि कारण मागाहून शोधायचं, ही त्याची रीत. "रडणाऱ्याला आधी गप्प करा, मग विचारा का रडतोस," असं तो म्हणायचा. यावर त्याची बायको म्हणे, "म्हणूनच पोरं तुमच्याकडे रडत येत नाहीत." मलाही ती रीत पटत नव्हती, पण चालत्या गाडीला खीळ कोण घालणार?

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सर्व्हरवर कोणाचंच काम चालू नव्हतं, तरी प्रोसेसर शंभर टक्क्यांवर गेला. खाणारा प्रोग्रॅम थंडोबानेच लिहिलेला होता. तळघरातल्या जोडीच्या दुसऱ्या सर्व्हर मशीनला तो "आहेस का?" एवढंच विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहायचा. थंडोबाने सवयीने तो बंद केला. आकडा खाली आला. त्याने डबा उघडला.

दुसरा घास त्याच्या हातातच राहिला. प्रोग्रॅम विचारतच राहिला होता, म्हणजे खालचं मशीन उत्तर देत नव्हतं, आणि त्याच तळघरातली वायर बदलायला सकाळी वायरमनकाका उतरले होते. त्यांना वर आलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

काकांचा फोन नुसता वाजत राहिला. जिन्यात जळक्या रबराचा वास होता. खाली अंधार होता.

"काका, आहात का?" थंडोबाने विचारलं.

मग पुन्हा विचारलं. मग तो विचारतच राहिला.